शून्याचा वाफा

गिरणीला कुलूप लागलं तेव्हा माझे हात चाळिशीचे होते,
आता साठीला टेकलेत.
नार्वाच्या ग्रंथालयात, खिडकीजवळच्या तिसऱ्या संगणकावर
मी प्रोग्राम लिहायला शिकते आहे. हसू नका.
नदीपलीकडे दुसरा देश,
अलीकडे गावाबाहेर आमचे अकरा वाफे, आणि पंप एकच.
पाण्याच्या पाळीवरून दर उन्हाळ्यात भांडण.
ते मिटावं म्हणून हा उपद्व्याप.

उर्वे, तिथली ग्रंथपाल, म्हणाली, एखादा एआय मदतनीस घ्या,
हल्ली सगळेच घेतात.
कोणता?
तिने खांदे उडवले.
भाचा ग्लेब टार्टूहून फोनवर म्हणाला, सगळ्यात नवा.
शेजारची झिनाइदा म्हणाली, सगळ्यात फुकट.
बूट घेतानाही लोक मला असंच सांगतात,
पाय माझा कुणी मोजत नाही.

पहिला घाईचा.
माझं वाक्य पुरतं व्हायच्या आत त्याचं उत्तर पानभर.
आणि चाललं की! यादी छापून फाटकावर लावली.
कुणीतरी विचारलं, उद्या बारावा वाफा आला तर?
मी कोडकडे बघत राहिले,
परक्याच्या स्वयंपाकघरात मीठ शोधावं तशी.

दुसरा महिन्याला वीस युरो मागायचा.
वीस युरोत किती बटाटे, ते मी आधी मोजलं.
पहिला आठवडा फुकट होता; त्या आठवड्यात
त्याने माझं इतकं कौतुक केलं
की मला माझ्या लग्नातली भाषणं आठवली.
नवरा पुढे कसा निघाला, ते जाऊ दे.

तिसरा रशियन बोलायचा, पण सरकारी पत्रासारखं,
आणि विचारलं की उलट मलाच विचारायचा.
दोनदा मी खुर्ची सरकवून उठले.

मग कापितोलिना आठवली, आमची मागावरची मुकादम.
नव्या पोरीच्या हाती ती मुद्दाम तुटका ताणा द्यायची
आणि पाठ फिरवून उभी राहायची.
रडू दे, म्हणायची,
गाठ तिच्याच बोटांनी बसली पाहिजे.

माझा तुटका ताणा तयारच होता:
मी स्वतः लिहिलेल्या बारा ओळी,
ज्यात फाटकाजवळच्या तीखोनला पाणीच मिळत नव्हतं.
दहा जण भिजत होते, त्याच्या काकड्या करपत होत्या,
आणि का, ते मला कळत नव्हतं.
तिघांनाही दिल्या.

पहिल्याने सगळं पुसून नवं लिहिलं.
दुसऱ्याने सुंदर प्रयत्न म्हणत, नव्हती ती चूक दुरुस्त केली.
तिसरा म्हणाला,
चौथी ओळ पाहा. पहिल्या वाफ्याचा क्रमांक काय?
एक, मी टंकलं. आणखी काय असणार?
तुम्ही एकापासून मोजता. यादी कुठून मोजते?

मी पायरीवर जाऊन बसले.
आमच्याकडे मोजताना बोटं उघडत नाहीत, मिटत जातात.
करंगळी मिटली, एक. तिच्या शेजारची, दोन.
पण करंगळी मिटायच्या आधी?
आधी नुसता उघडा तळहात.
तिथेच उभा होता तीखोन, रिकामी झारी घेऊन.

झाकली मूठ सव्वा लाखाची, या हिशोबाने
गिरणीतली वीस-बावीस वर्षं काढली मी.
येत नाही, असं कधी म्हटलं नाही कुणाला.
त्या पायरीवर हात उघडा ठेवून किती वेळ बसले,
उर्वेला विचारा. तिला वाटलं, पाऊस बघतेय.

तिसराच ठेवला.
गुडघे ठणकतात त्या रात्री पहिल्याकडेही जाते, खोटं कशाला बोलू.
पण सकाळी त्याची एकेक ओळ उसवते
आणि कळेपर्यंत चहा करत नाही.

ऑगस्टात तीखोनने पिशवीभर काकड्या आणल्या.
मी ओट्यावर मांडत मोजायला लागले:
शून्य, एक, दोन...
रईसा, तो म्हणाला, पहिली उचलून नाकाशी धरत,
ही तर आहे की.